तासाभराची मुदत
हातातला मोबाइल तापला की लातूरची डाळमिल आठवते. तिथे गाड्यांच्या वजनकाट्यावरून येणारे वजनाचे मेसेज उचलणारा मी लिहिलेला प्रोग्रॅम एकदा उसंत न घेता ‘आलं का, आलं का’ विचारत राहिला नि कॉम्प्युटर तापून अडकला. बाहेर तुरीच्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते. तिकडे नांदेडला आईचं ऑपरेशन चालू होतं आणि मीही वडिलांना तसाच फोनवर फोन लावत होतो. ते खेकसले, “बॅटरी संपून राहिली माझी! झालं की मीच फोन करतो. तासात न्हाई आला, तर तू कर.” प्रोग्रॅमलाही मी तेच शिकवलं: मेसेज येईपर्यंत गप थांब, ठरलेली वेळ संपून टाइमआउट झाला तरच परत विचार. कॉम्प्युटर गार झाला. आई शुद्धीवर आल्याचा फोनही तासाच्या आत आला. आज वडील स्वतः ऑपरेशनला आत आहेत, मी बाहेर तापलेला मोबाइल पुन्हा पुन्हा बघतोय, आणि मला मुदत घालून द्यायला कुणी नाही.