चिंचेखालचं शूटिंग

आमच्या घरमालकांचा आवाज ज्यानं कधीच ऐकला नाही असा माणूस अर्ध्या मराठवाड्यात मिळणार नाही, आणि त्यांचा चेहरा ओळखणारा माणूस आमच्या सिडकोतल्या गल्लीबाहेर मिळणार नाही. तीस वर्षं ते एसटी स्टँडवर काचेच्या खोलीत बसून माइकवर गाड्या सांगत होते. सिल्लोडमार्गे अजिंठ्याला जाणारी गाडी कुठल्या फलाटावर उभी आहे हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं, की निवृत्तीनंतर घरातही त्यांच्या तोंडून सूचनाच बाहेर पडत. त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी राहायला गेलो. साताऱ्याकडचा, बदलीवर एकटाच आलेला, विहिरींचं पाणी मोजणाऱ्या खात्यातला भाडेकरू. सकाळी जिन्यातून खणखणीत पुस्तकी मराठी वर येई : "पाण्याचा टँकर गल्लीच्या तोंडाशी आलेला आहे. वरच्या मजल्यावरील प्रवाशांनी बादल्या घेऊन त्वरित खाली यावे." मी खाली गेलो की तोच माणूस हळू आवाजात, सिल्लोडकडच्या बोलीत म्हणे, "लई खोकत व्हते पाहुणे राती. काढा करून ठिवलाय."

दुसरी सवय म्हणजे, समोरच्याच्या उत्तराची वाट न बघता ते बोललेलं वाक्य पुन्हा एकदा म्हणत. काचेपलीकडून तीस वर्षांत त्यांना कुणी उत्तरच दिलं नव्हतं, तर वाट बघायची सवय लागणार कशी? भाजीवालीला ते "एक कोथिंबिरीची जुडी द्या" असं दोनदा म्हणत, ती दोन जुड्या देई, आणि परत द्यायचा संकोच वाटून ते दोन्ही घरी आणत. दुसरी जुडी माझ्या दाराच्या कडीला अडकवलेली असे. त्या घरात मी पोह्यांपासून पिठल्यापर्यंत सगळं कोथिंबिरीत बुडवून खाल्लं. त्यांचं लग्न झालं होतं, बाई सहा महिन्यांत माहेरी गेल्या त्या परत आल्या नाहीत, एवढंच गल्लीला माहीत होतं. मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बहुधा माइकच्या आवाजात उत्तर मिळालं असतं.

अशा माणसानं एक दिवस जिन्यात येऊन, यावेळी मात्र घरच्या आवाजात, सांगितलं की त्यांनी एक गाणं लिहिलंय, चालही लावलीय, आणि त्याचा व्हिडिओ करायचाय. गाणं साधं होतं. खुलताबादच्या वाटेवर एका चिंचेखाली कुणीतरी कुणाची वाट बघतं, एवढंच. मी चांगलं आहे म्हणालो. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "मागून बघितलं तर तुमी लई दुखी दिसता. तुमालाच घेतो नायक म्हणून. तोंड दाखवायचं नाय आपल्याला."

बाकीची माणसंही त्यांनी अशीच जमवली. रक्तदाब तपासायला ते ज्या दवाखान्यात जात तिथल्या सिस्टर गुणगुणत होत्या, म्हणून त्या गायिका आणि नायिका. लग्नांचे फोटो काढणारे शकीलभाई गल्लीत पत्ता विचारायला आले ते कॅमेरामन होऊनच गेले. शेजारच्या देशपांडे काकू आयुष्यभर जिल्हा परिषदेत फायली सांभाळून निवृत्त झालेल्या, त्यांच्याकडे वही आली. आधीच्या खेपेला सिस्टरची वेणी कुठल्या खांद्यावर होती हे त्या लिहून ठेवत, आणि वेणी चुकली की खुलाशाची नोटीस द्यावी तसं बघत. पैसे कुणालाच मिळणार नव्हते. मिळणार होतं ते जेवण, आणि ते घरमालक स्वतः पहाटे उठून करत. वांग्याचं भरीत, बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी. रविवारी सकाळी आम्ही पाच जण शकीलभाईंच्या गाडीत डबे मांडीवर घेऊन खुलताबादच्या घाटातल्या एका चिंचेकडे निघत असू.

कॅमेरा सरकता हवा म्हणून रस्त्याकडेच्या पेरूवाल्याची हातगाडी तासाभरासाठी मागून घेतली होती. तिच्यावर शकीलभाई मांडी घालून बसले आणि घरमालक ढकलू लागले. उतार आला. घरमालकांच्या हातून गाडी सुटली आणि शकीलभाई चिंचेपासून, सिस्टरपासून, आमच्या सगळ्यांपासून दूर दूर जात एका बोरीच्या झुडपात शिरले. अशा वेळी दुसरा कुणी ओरडला असता. आमचे घरमालक ताठ उभे राहून खड्या आवाजात म्हणाले, "प्रवाशांनी कृपया गाडीतून उतरू नये." झुडपातून शकीलभाईंचा शांत आवाज आला, "कॅमेरा चालूच है चाचा." तो शॉट आमच्या व्हिडिओतला सगळ्यात चांगला शॉट आहे. लांब जाणारं झाड आणि त्याखाली पाठमोरा मी.

तीन रविवारांत काम होईल असं ठरलं होतं. चौथ्या रविवारी घरमालक म्हणाले की दुसऱ्या कडव्यात वारा खोटा वाटतोय. पाचव्या रविवारी ऊन जास्त झालं. सहाव्या रविवारी त्यांना आठवलं की आधी मागून एक शेळी गेली होती, ती फार चांगली होती, ती पुन्हा जायला पाहिजे. शेळीची वाट बघत आम्ही दिवसभर चिंचेखाली बसलो. जेवलो, सिस्टरनं तिच्या आईची जुनी गाणी म्हटली, काकूंनी कधी नव्हे ते नवऱ्याच्या आजारपणाबद्दल सांगितलं. शेळी आली नाही. घरमालक समाधानानं म्हणाले, "म्हंजे फुडच्या रविवारी यावं लागतंय."

जोडणीचं काम माझ्याकडे होतं. एका शनिवारी मी सगळे तुकडे संगणकावर नीट लावून पाहिले तेव्हा लक्षात आलं, की तिसऱ्या रविवारीच तिन्ही कडवी पूर्ण झाली होती. शेळीसकट. मी खाली गेलो. घरमालक परातीत मेथी निवडत बसले होते.

"काका, आपलं सगळं शूटिंग केव्हाच झालंय," मी म्हटलं.

"व्हय," ते मेथीकडे बघत म्हणाले. "मला ठावं हाय."

"मग आपण अजून जातोय कशाला?"

एरवी त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं असतं, आता मेथीची एक काडी निवडून परातीत टाकली. मग म्हणाले, "सिस्टर उद्या लिंबाचं लोणचं आणते म्हणली. मेथी बी आणून ठिवली मी."

मी जिना चढून वर गेलो, संगणक बंद केला. साताऱ्याहून आईचा फोन येई तेव्हा रविवारी काय करतोस या प्रश्नाला माझ्याकडे कित्येक महिन्यांनी उत्तर होतं, ते मला सोडायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चिंचेखाली मीच म्हणालो की पहिल्या कडव्यात कॅमेरा जरा हललाय. घरमालकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या पानात एक भाकरी जास्त आली.

परतताना शकीलभाईंना बाजूला घेऊन मी खरं सांगून टाकलं. बिचारे आमच्यासाठी सुट्टी घालवतात म्हणून मला अपराधी वाटत होतं. ते हसले. "साब, मेरे को नै मालूम क्या? पिछले दो इतवार से मैं कॅमेरे में कार्डच नै डाला." मग गाडीची काच पुसत म्हणाले, "शादियों में मैं सब का फोटो लेता. खाना खाया क्या, इतना बी कोई नै पूछता. यहाँ चाचा पूछते."

पावसाळ्याच्या तोंडावर सिस्टरला नाशिकला मोठ्या इस्पितळात नोकरी लागली. त्यामुळे गाणं संपवावंच लागलं. घरमालकांच्या खोलीत टीव्हीवर आम्ही सगळ्यांनी ते मिळून पाहिलं. चार मिनिटांचं गाणं त्यांनी सात वेळा लावायला सांगितलं. दर वेळी ते पडद्याकडे न बघता आमच्याकडेच बघत होते. नंतर ते उठून उभे राहिले. आता सूचना येणार म्हणून आम्ही हसण्याच्या तयारीत होतो. पण ते घरच्या आवाजात एवढंच म्हणाले, "जेवून जा सगळे."

पुढच्या रविवारी सकाळी खालून भरताचा वास आला. मी गेलो तर ओट्यावर पाच डबे भरलेले. सिस्टर गेली होती, शकीलभाईंचं सिल्लोडला लग्नाचं काम होतं, काकू मुलीकडे पुण्याला. मला बघून ते ओशाळले. "हाताला सवय झाली," म्हणाले. आम्ही दोघांनी दोन डबे संपवले, तीन गल्लीत वाटले. घाटाकडे गेलो नाही. जायला कारण नव्हतं, आणि कारणाशिवाय जाणं आम्हा दोघांनाही कधी जमलं नाही.

वर्षभरानं माझी बदली परत साताऱ्याला झाली. आता दर पंधरा-वीस दिवसांनी त्यांचा फोन येतो. आधी इकडच्या पाण्याची चौकशी होते, मग खोकल्याची, आणि मग ते सांगतात की तिसऱ्या कडव्यात एक शॉट राहिल्यासारखा वाटतोय, जमलं तर या. मी दर वेळी येतो म्हणतो. मनापासूनच म्हणतो. दिवाळीत जाणार होतो, मग मार्चअखेर आली, मग आईचं डोळ्याचं ऑपरेशन. ते एकदाही रागावले नाहीत. "घाई नाय," म्हणतात, "सवडीनं या." त्यानंतर ते फोन ठेवत नाहीत. मीही ठेवत नाही. त्यांच्या खोलीतला पंखा मला इथं साताऱ्यात ऐकू येत राहतो.