बास्केट न मारणारे दाजी

एखादी वस्तू आमच्या दाजींच्या हातात गेली आणि तिथेच राहिली, असं गेल्या अठरा वर्षांत एकदाही घडलेलं नाही. मिठाची बरणी, मोबाईल, दुसऱ्याचं तान्हं मूल, सत्यनारायणाचा प्रसाद, काहीही द्या. पुढच्या क्षणी ते तिसऱ्याच माणसाच्या हातात असतं, आणि आपल्याकडे ते कधी आलं हे त्या तिसऱ्याला कळलेलंही नसतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पोटापाण्याचा उद्योग बास्केटबॉल. हो, बास्केटबॉल! पुण्यात माणसं ज्योतिषावर जगतात, क्लासेसवर जगतात, दुसऱ्याच्या चुका काढण्यावर तर आमची अर्धी नारायण पेठ जगते, पण बास्केटबॉलवर संसार केलेला माणूस मी हा एकच पाहिला. त्यातही उंची पाच फूट साडेपाच इंच. तो अर्धा इंच आपण विसरलो तर ते स्वतः आठवण करून देतात. एवढ्या उंचीचा माणूस त्या खेळात करतो काय, हा प्रश्न मलाही पडला होता. तर तो गार्ड असतो. म्हणजे बॉल मागून पुढे आणायचा, समोरच्या पाच जणांना झुलवायचं, आपल्यातला कोण मोकळा आहे ते हेरायचं आणि नेमका त्याच्या हातात बॉल द्यायचा. बास्केट तो मारतो, फोटोही त्याचाच येतो. "दिला की आमचं काम संपलं," दाजी म्हणतात. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात चार उंच खेळाडूंची नावं असतात आणि पाचव्याच्या जागी 'इत्यादी' असतं. ते इत्यादी म्हणजे आमचे दाजी. ताईने त्या इत्यादींची कात्रणं एका वहीत चिकटवून ठेवली आहेत.

दाजी मूळचे हडपसरपलीकडच्या मांजरी गावचे. घरचा ऊस, आणि त्यांचे वडील, ज्यांना आम्ही सगळेच आबा म्हणतो, ऐंशीच्या घरात आले तरी रोज शेतात जाणारे. शाळेतल्या एका मास्तरांनी गावात या खेळाचं खूळ आणलं, तेव्हा पोराने हट्ट धरला म्हणून आबांनी एका जुन्या घमेल्याचा तळ कापला आणि ते गोठ्याच्या भिंतीवर ठोकून दिलं. ठोकताना अंदाज चुकला. ते इतकं उंच बसलं की दाजींचा बॉल तिथवर पोचेना. चुलतभाऊ ताडमाड, ते टाकायचे, आणि हे त्यांना बॉल द्यायचे. "माझं करिअर तिथंच ठरलं, मेव्हणं," असं दाजी सांगतात. पुढे खेळाडू म्हणून त्यांना एका कारखान्यात नोकरी लागली. सकाळी हजेरीची सही, अकरा वाजता सराव, आणि वर्षातले चार महिने गावोगावच्या स्पर्धा. आपल्या कारखान्यात नेमकं तयार काय होतं, हे दाजींना सहा वर्षांनी कळलं. तेही एका लग्नात, शेजारच्या पानावर बसलेल्या माणसाकडून. मध्ये एक वर्ष कुणीतरी मोठी व्यावसायिक लीग काढली होती. दाजींना रीतसर करार मिळाला, चौकात संघाचा भला मोठा फलक लागला. आम्ही सगळे दोन रिक्षा करून तो बघायला गेलो. फलकावर दाजींचे दोन हात होते. बाकीचे दाजी एका साडेसहा फुटी खेळाडूच्या मागे होते. "हात त्यांचेच आहेत," ताई ठामपणे म्हणाली, "करंगळी वाकडी आहे बघ." पुढच्या वर्षी लीग गुंडाळली गेली आणि दाजी मुकाट्याने कारखान्याच्या संघात परतले.

बॉल कुठे द्यायचा ते डोळ्यांनी सांगायचं नाही, हा गार्डचा पहिला धर्म. मैदानावर ठीक आहे हो, पण दाजी तो जेवतानाही पाळतात! एकदा माझ्या आईकडे बघत, तिच्या कंबरदुखीची आपुलकीने चौकशी करत, त्यांनी आमटीची वाटी माझ्याकडे सरकवली, ती थेट माझ्या मांडीवर. वर मलाच म्हणाले, "हात तयार नको का?" तेव्हापासून दाजी पंगतीला असले की आम्ही सगळे एक हात रिकामा ठेवूनच जेवतो. स्कूटरवरही तीच तऱ्हा. डावीकडे बघणार, डावा खांदा झुकवणार आणि उजवीकडे वळणार. एकदा मी मागे बसलो होतो, तेव्हा कर्वेनगरच्या चौकात हवालदाराने अडवलं. "अहो, इकडे बघून तिकडे कुठे निघालात?" दाजी मनापासून खूश झाले. म्हणाले, "म्हणजे तुम्ही पण फसलात ना?" पावती फाटली, आणि ती कधी माझ्या हातात आली ते मला घरी पोचल्यावर कळलं.

शिवाय त्या खेळात बॉल ताब्यात आला की चोवीस सेकंदांच्या आत रिंगकडे फेकावा लागतो, नाहीतर तो समोरच्यांना मिळतो. हे चोवीस सेकंद दाजींच्या रक्तात भिनलेत. हॉटेलात मेनूकार्ड हातात आलं की ते ओठातल्या ओठात उलटे आकडे मोजू लागतात आणि शून्याला बोट जिथे असेल ते मागवतात. एकदा ते बोट 'बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास मनाई आहे' यावर होतं. वेटरनेही शांतपणे विचारलं, "हाफ की फुल?" ताईला बघायला आमच्या नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत आले, तेव्हाही असंच. पोह्यांची पहिली बशी तिच्या हातून घेतली, न बघता माझ्या वडिलांकडे सरकवली, आणि वडील "शिक्षण कुठवर" एवढं विचारेपर्यंत हे "पसंत हाय" म्हणून मोकळे! आबा गडबडून म्हणाले, "अरं, तिला तरी बघू दे की तुला." ताईने चांगले दोन दिवस घेतले आणि मग हो म्हटलं. का म्हटलंस, असं विचारलं तर अजूनही सांगते, "पहिली बशी स्वतः नाही ना घेतली त्यांनी."

सगळं छान होतं, पण एक गोष्ट दाजींना सलायची. आबांनी त्यांची एकही मॅच पाहिली नव्हती. लागण, पाणी, तोड, कुठे वेळ मिळतो शेतकऱ्याला? दाजी स्पर्धेहून आले की आबा एकच प्रश्न विचारायचे, "किती टाकलं?"

"मी टाकत नाय आबा. टाकायला देतो."

"का? तुला टाकाय येत नाय?"

"येतं की."

"मग?"

या 'मग'चं उत्तर बावीस वर्षांत दाजींना सापडलं नाही. पोरगा संघात आहे, पण टॉवेल-बिवेल देणारा, अशी आबांनी आपली समजूत करून घेतली होती. गावात कुणी विचारलं तर सांगायचे, "हाय कारखान्यात. खेळणाऱ्यांना बॉल आणून द्यायचं काम हाय त्याच्याकडं." दाजी हे आम्हाला नक्कल करून सांगायचे, सगळे हसायचे, आणि हसणं संपलं की दाजी आपल्या पायाकडे बघत बसायचे. मला फार वाईट वाटायचं त्यांचं.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी राजीनामा दिला. वय बेचाळीस. डॉक्टर म्हणाले, पुरे आता. कारखान्याने गोदामाच्या ऑफिसात एक टेबल दिलं, आणि पुण्यातल्याच एका स्पर्धेची शेवटची मॅच तेवढी उरली. ताईने आबांना गाडीत घालून आणलं. धुवट धोतर, टोपी, काठी, पहिल्या रांगेत मधोमध. ही शेवटची मॅच आहे हे मात्र त्यांना सांगायचं नाही, असं तिने सगळ्यांना बजावलं होतं. म्हातारा माणूस उगाच हळवा होईल. आणि आमचा घरच्यांचा कट ठरला, की आज दाजींनी टाकायचं. एकच बास्केट, पण आबांच्या डोळ्यांदेखत. संघातल्या सगळ्यांना सांगितलं, प्रशिक्षकांना सांगितलं, लाज सोडून मी समोरच्या संघाच्या कप्तानाच्याही कानावर घालून आलो. दाजींनीही शब्द दिला. "टाकतो मेव्हणं. आबांसाठी टाकतो."

टाकतात कसले! सगळे जण बॉल दाजींना देतात आणि दाजी तो परत त्यांनाच देतात. "घ्या तुम्ही", "छे छे, तुम्हीच घ्या", अशी चहाच्या बिलावरून सभ्य माणसांची चालते तशी ओढाताण अख्खा तास चालली होती. ताई खुर्चीवर उभी राहून ओरडली, "अहो, टाका ना!" आबा मला विचारायला लागले, "ह्यो टाकत का नाय?" मी म्हटलं, "टाकतील आबा, थांबा जरा." शेवटचे दहा सेकंद उरले तेव्हा दाजींचा संघ एका गुणाने मागे होता. बॉल दाजींकडे. त्यांनी डावा खांदा झुकवला, समोरचे दोघे डावीकडे धावले आणि दाजी उजवीकडून थेट रिंगखाली. एकटे! समोरचा कप्तान फसला की त्याने माझ्या शब्दाला मान दिला, देव जाणे, पण तोही बाजूला झाला होता. दाजींनी वर पाहिलं. दोन्ही हातांनी बॉल वर नेला. मी आबांचा हात घट्ट धरला. आणि तो बॉल दाजींच्या पाठीमागून, कुणालाही न दिसता, कोपऱ्यात गेला. तिथे एक उंच नवा खेळाडू मोकळा उभा होता. त्याने टाकला. भोंगा वाजला. जिंकले!

सगळे नाचत होते आणि आम्ही घरचे तेवढे कपाळाला हात लावून बसलो होतो. मी तर भडकलोच. "अहो दाजी, एक! एकच टाकायचा होता!" दाजी ओशाळून म्हणाले, "हातातून गेला हो. तो कोपऱ्यात मोकळा होता." आबांकडे बघण्याची त्यांची हिंमतच होत नव्हती.

मांजरीला जाताना गाडी दाजी चालवत होते, शेजारी आबा, मागे मी आणि ताई. हडपसर येईपर्यंत आबा काठीची मूठ चोळत बसले. मग म्हणाले, "त्या कोपऱ्यातल्याकडं तू बघितलं नव्हतंस."

"नाय."

"मग त्यो तिथं हाय हे कसं कळलं?"

"कळतं आबा."

"मी पयल्यापासनं बघत होतो," आबा म्हणाले. "बाकीची नुसती पळत्यात. कुणाला कवा द्यायचं ते तुझ्या एकट्याच्या डोक्यात. अरं, हे तर दारं धरल्यावानी हाय, लेका."

उसाला पाणी सोडलं की एक जण खोरं घेऊन उभा राहतो. एक सरी भरली की तिचं तोंड मातीने बुजवायचं, पुढचीचं उघडायचं, कुठलीच कोरडी राहू द्यायची नाही. याला दारं धरणं म्हणतात, आणि आबांनी जन्मभर तेच केलं होतं.

"ऊस उभा राहतो, लोक उसाला बघत्यात," आबा म्हणाले. "दारं धरणाऱ्याला कोण इचारतंय? पर त्यो चुकला तर समदं रान जातं." आणि मग जरा रागावूनच, "एवढी वर्सं बोलला का नाय मला?"

"सांगत तर होतो," दाजी म्हणाले. ताई पदराने डोळे पुसत होती, आणि खोटं कशाला बोलू, माझंही तेच चाललं होतं.

आबा एकदम खुशीत आले. खिडकीची काच खाली केली, टोपी नीट बसवली आणि म्हणाले, "पुढची मॅच कधी हाय? येतो मी."

ताईने माझ्याकडे पाहिलं, मी बाहेर पाहिलं.

"ठरली की सांगतो, आबा," दाजी म्हणाले.

"आठ दिस आधी सांग," आबा म्हणाले. "तोडीचं दिवस हायेत. मला रानाकडं बघाय माणूस लावावा लागंल."