अर्जुनाचा उजवा खांदा

माझा भाऊ अर्जुना फौजेतून रजेवर आला, तेव्हा त्याच्या ट्रंकेतून काय निघालं? साबण नाही, साखर नाही, आईला लुगडं नाही. एक चेंडू निघाला! पांढरा, कातडी, लाल टाक्यांचा. आईनं तो तळहातावर घेऊन वजन बघितलं आणि म्हणाली, "ह्येची काय भाजी करायची का रं?"

साल चव्वेचाळीस, माघाचा महिना. कोरेगावजवळ वसना नदीच्या काठाला आमचं गाव. शाळू हुरड्यात आलेला. घरात आई साळूबाई आणि मी, अंबू. वडील आम्ही लहान असतानाच गेले. माझा नवरा आकाराम आफ्रिकेच्या लढाईत गेला आणि मी माहेरी परत आले, त्याला तिसरं वर्ष चाललं होतं. फौज काय घेते आणि काय परत देते, हे मला कुणी शिकवायला नको होतं. आता घरातला एकुलता एक बाप्या आसामात, ब्रह्मदेशाच्या तोंडाशी जाऊन बसलेला. मला घास गोड लागत नव्हता.

पहिल्याच जेवणाला त्यानं चेंडूची हकीकत सांगितली. त्याची कंपनी मालाच्या डेपोवर होती आणि शेजारी अमेरिकन सोल्जरांचा तळ. ते संध्याकाळी बेसबॉल म्हणून एक खेळ खेळत. "आपला विटीदांडूच समज आक्का. दांडू मोठा, आन् विटीच्या जागी चेंडू." एकदा चेंडू तारेच्या कुंपणाबाहेर आला. अर्जुनानं तो उचलून फेकला तो पार लांबच्या गड्याच्या हातात. झालं! त्यांचा एक दांडगा सार्जंट पळत आला आणि बाजारात बैलाचं वशिंड चाचपावं तसा त्याचा खांदा चाचपू लागला. त्याला काय ठाऊक, हा खांदा आमच्या शाळवाच्या माळ्यावर घडलाय! पाखरं हाकायला आम्ही दोघं भावंडं दिवसदिवस दगड फेकत होतो. आणि खरं सांगायचं तर माझा नेम त्याच्यापेक्षा चांगला होता.

"साहेबानं चेंडू दिलाय," अर्जुना म्हणाला. "म्हनला, रजेत हात चालू ठेव, चांगलं खा. मॅचला लागत्यात ती पोरं डेपोतच ठेवत्यात. पुढं लढाईवर धाडत न्हाईत."

आईची भाकरी तव्यावर तशीच राहिली.

"पुढं धाडत न्हाईत?"

"न्हाई."

"दावणीला ह्याच खांद्यापायी बांधून ठेवनार म्हन की! मंग खा रं लेकरा, खा!"

दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्या मानगुटीवर बसले. सकाळी ओढ्यापर्यंत पळायचं आणि परत यायचं. मग बाभळीला टांगलेल्या फुटक्या दुरडीवर चेंडू मारायचा. पकडायला मी. वाकळेचा तुकडा घडी घालून, सुतळीनं डाव्या हाताला बांधून मी पदर खोचून उभी राहायची. चेंडू लागला की कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्या. बांधावरून जाणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसत. हसा म्हटलं, बयांनो! तुमची माणसं घरात आहेत.

"हातानं काय फेकतोस मुडद्या, पायातनं जोर आण!" मी ओरडायची. हे साहेबाचंच शिकवणं, अर्जुनानंच मला सांगितलेलं. पाय पुढं टाकायचा, कंबर वळवायची, खांदा शेवटी. तो दमला की खाली बसायचा आणि मी त्याला पुन्हा उठवायची. पुढची मॅच कधी, किती पोरं निवडणार, वरचढ कुणी आहे का, माझे प्रश्न संपत नव्हते. तो म्हणायचा, "आक्का, तू साहेबापरीस वाईट हायस."

खाण्याचं तर विचारू नका. साहेबानं सांगितलेलं असं: अंडी, दूध, मटण, आणि तिखट बेतानं. तिखट बेतानं म्हटल्यावर आई चिडली. "मंग काय गवत खातोय का तुझा सायेब?" पण केलं तिनं. म्हशीचं दूध कोरेगावला जायचं, ते घरात राहू लागलं. सकाळी अंडी, दुपारी शेंगदाणे-गूळ, शाळवाचा हुरडा, आईतवारी कोंबडी. तो जेवायचा आणि आई त्याच्या घासाकडं बघत बसायची. मधूनच त्याचा दंड दाबून बघायची. मला बरं वाटायचं. काही केलं तर पोरगं वाचतं, असं मला वाटायला लागलं होतं.

मग कुणीतरी नानासोला सांगितलं. नानासो म्हणजे पेन्शनीवर आलेला हवालदार, पहिल्या महायुद्धातला. एक दिवस तो काठी टेकत शेतावर आला, अर्जुनाची फेक बघत राहिला आणि काही न बोलता आईकडं गेला. काय बोलला ते मला त्या दिवशी कळलं नाही. आईचं वागणं तेवढं बदललेलं दिसलं.

अंडी बंद झाली. "कोंबड्या घालाय न्हाईत." दूध परत कोरेगावला जायला लागलं. आमटी अशी जळजळीत की अर्जुनाच्या डोळ्यांत पाणी. एकदा मी सरपण आणायला मागच्या परसात गेले, तर कोंड्याच्या डेऱ्यात अंडीच अंडी! हे काय चाललंय? विचारलं तर म्हणाली, "खुडूक बसवायला ठिवल्यात." खोटं साफ तिच्या तोंडावर दिसत होतं. आईच अर्जुनाच्या तोंडचा घास लपवते? तिला वेड लागलं की काय, अशी नवीनच भीती मला वाटू लागली.

रजा संपत आली तसा अर्जुनाचा खांदा ठणकू लागला. मी एक दिवस फेक बंद ठेवली आणि वसनेवर धुणं घेऊन गेले. परत आले तर सोप्यात वेगळाच वास. अर्जुना उघडा बसलेला, आईच्या हातात दाभण, दाभणाच्या टोकाला बिब्बा. दुखऱ्या जागी बिब्ब्याचं तेल लावतात, ते सगळेच लावतात. पण कुणाकुणाला बिब्बा उततो, अंगावर फोड येतात. अर्जुनाला उततो. लहानपणी एकदा त्याचा सगळा पाय सुजला होता, आईनंच मांडीवर घेऊन दिवस काढले होते.

"आई! अगं त्याला उततो की!"

"आता मोटा झालाय," ती म्हणाली. माझ्याकडं बघितलं नाही. दुखत होतं एका ठिकाणी, आणि हिनं मानेपासून बगलेपर्यंत फासलेलं.

दुसऱ्या दिवशी खांदा फुगला. फोडांवर फोड, त्यातून पाणी. हात वर जाईना. मी डोकं धरून बसले. मग मात्र माझा तोल गेला.

"मारलंस तू त्याला! एवढा एक आधार होता, तो पण तोडलास!"

"मारला न्हाई, राखला!" आई माझ्या दुप्पट आवाजात ओरडली. "नानासोनं समदं सांगितलंय मला. ज्येचा हात लांब जातो त्येला बाँब फेकाय समद्यांच्या म्होरं घालत्यात. नानासोच्या कंपनीतली तशी पोरं एक बी माघारी आली न्हाईत. तुमचा सायेब गोड बोलून हात तयार करून घेतुया! मोडक्या हाताचा गडी कुनी म्होरं न्हेत न्हाई."

मी भांडण तिथंच सोडलं. पटलं म्हणून नाही. साहेब खरा की नानासो, हे आम्हा दोघींतलं कोण सांगणार? एकाच खांद्याला दोघी दोन बाजूंनी ओढत होतो, आणि चुकलो तर भाऊ जाणार होता. अर्जुना दोघींकडं आळीपाळीनं बघत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "बरं केलंस आई." मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

खांद्यावर खपल्या धरल्या तेवढ्यात जायचा दिवस आला. आईनं घरीच ओवाळलं. कोरेगाव ठेसनावर पोचवायला मी एकटी गेले. गाडीला वेळ होता. लिंबाखाली बसलो आणि मी विचारलं, जे इतके दिवस पोटात होतं.

"तुला बिब्बा उततो हे तुला ठाऊक नव्हतं?"

"ठावं हुतं की."

"मग बसून राहिलास कसा? हात गेला, साहेब ठेवून घेईल का आता?"

"आक्का, साहेबानं चेंडू दिला, खा म्हनला, फेक म्हनला, ते खरं. ठिवून घेतो असं म्हनला न्हाई. आमची कंपनी म्होरं निघालीया. मी पोचलो की मी बी जानार. रजेवर यायच्या आधीच हुकूम झालाय."

"मग हे सगळं? पळणं, अंडी, दुरडी?"

"घरात आलो तर तुमी दोघी माझ्या तोंडाकडं अशा बघत हुता, जनू मी तिरडीवरच हाय. म्हनलं काय तरी करू द्या ह्येस्नी. तू वाकळ बांधून हुबी ऱ्हायचीस तवा तुझ्या तोंडावर जरा जीव आल्याला दिसायचा. आईनं बिब्बा काढला, म्हनलं तिला बी करू दे. पर तिला सांगू नगंस, तुला माझी आण हाय. तिनं मला राखलाय असंच तिला वाटू दे."

"आणि मला?" मी म्हणाले. "मला कशाला सांगितलंस मेल्या?"

"कुनाला तरी सांगाय नगं?" तो म्हणाला. मग माझ्या ओटीत चेंडू टाकून गाडीत चढला.

त्यानंतर आई ढाराढूर झोपायला लागली. पाणवठ्यावर बायांना सांगायची, "आमचा अर्जुना पोती मोजतूया, गोदामात. हाताला जरा इजा हाय न्हवं?" मी घागर घेऊन शेजारी उभी. तोंडातून ब्र काढायची सोय नाही. कोरेगावला बाजाराला गेलं की दुकानात कुणीतरी पेपर वाचत असे. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीची गावं, किती पडले, किती जखमी. ऐकायचं आणि घरी येऊन भाकरी थापायच्या. तारवाला गावात शिरला की मी हातातलं काम टाकून दारात यायची, आणि आई म्हणायची, "तुला ग काय हुतंय येवढं? जेवत बी न्हाईस धड."

संध्याकाळी मी बाभळीखाली जायची. तिथं कुणी नसायचं. चेंडू दुरडीला लागला तर आज तो जिवंत आहे, असं मनाशी धरलेलं. चुकला तर पुन्हा फेकायचा. लागेपर्यंत घरी जायचं नाही. वेडेपणा होता, मला कळत होतं. पुढं मी शिकले, सांगलीत मास्तरीण झाले, मुलींना अंधश्रद्धेवर निबंध घातले. पण तेव्हा चेंडू दुरडीला लागल्याशिवाय मी एकदाही घरी गेले नाही.

शेहेचाळीस साली अर्जुना परत आला. वाळलेला, काळवंडलेला, पण आपल्या पायांनी चालत. आईनं आधी त्याचा सदरा वर केला. खांद्यावरच्या काळ्या डागावरून हात फिरवला आणि मग त्याच्या तोंडाकडं बघितलं. कुठं होतास म्हणून विचारल्यावर त्यानं डेपोतल्या पोत्यांचं, उंदरांचं, आसामातल्या पावसाचं सांगितलं. एवढं तपशिलानं सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी परसात मी वाकळेचा तो तुकडा हाताला बांधला आणि चेंडू त्याच्यापुढं धरला. त्याला बरं वाटेल, असं मला वाटलं. त्यानं चेंडू घेतला. बोटं आपोआप टाक्यांवर बसली, हात मागं गेला, अगदी खांद्याच्या वर गेला. म्हणजे हात बरा होता. पण तो तिथंच थांबला. मग त्यानं हात खाली घेतला आणि चेंडू माझ्या हातात परत ठेवला.

"दुखतोय?" मी विचारलं.

"न्हाई आक्का." त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "लय बाँब फेकलं. समोरची मानसं दिसत हुती. आता न्हाई फेकायचं."

आई मागच्या दारात उभी होती, हाताला पीठ. तिला लांबून एवढंच दिसलं होतं की त्याचा हात वर गेला आणि तसाच खाली आला.

"बघितलंस अंबे?" ती म्हणाली. "अजून फेकता येत न्हाई. माझा बिब्बा हाय त्यो. म्हून आज दारात हुबा हाय पोरगा!"

अर्जुनानं माझ्याकडं बघितलं. "व्हय आई," तो म्हणाला. "तुझ्या बिब्ब्यानंच वाचलो."

"व्हय," मीही म्हणाले.

आई परसाच्या कोपऱ्यात गेली, कोंड्याच्या डेऱ्यात हात घातला आणि ओच्यात मावतील तेवढी अंडी घेऊन आली. "खा रं आता पायजे तेवडी," ती म्हणाली. "आता काय भ्या न्हाई." अर्जुना तिच्यामागं आत गेला आणि पाट घेऊन चुलीपुढं बसला.