सतरा नंबरची कबर

आई गेली आणि मला माझं म्हणावं असं कुणी उरलं नाही. तेव्हा मनाने घेतलं, की कधीच न पाहिलेल्या आजोबांची कबर तरी शोधावी. त्यांच्या गावच्या चर्चमध्ये फादरांनी दफनाची जुनी नोंदवही काढून दिली. फिकट शाईत आजोबा सापडले. इनास, धंदा सुतारकाम, तापाने मृत्यू, कबर सतरा.

सतरा नंबरच्या कबरीवर मात्र दुसऱ्याच माणसाचं नाव होतं. एक म्हातारी बाई ओल्या फडक्याने तो दगड पुसत होती.

"कुणाला शोधता, भाऊ?" तिने विचारलं.

"माझ्या आजोबांना. ते इथेच आहेत, असं वहीत लिहिलंय."

"असतील की. इथे जागा कमी. काही वर्षांनी त्याच कबरीत दुसऱ्याला ठेवतात. आता माझे मालक आहेत." ती थोडी बाजूला सरकली. "बसा. नाव काय त्यांचं?"

"इनास."

निदान कबर तरी माणसाची एकट्याची असते, असं मी इतके दिवस समजत होतो.

तिने मेणबत्ती लावली आणि डोळे मिटून नवऱ्यासाठी प्रार्थना म्हटली. मध्येच, घरातल्या माणसाचं घ्यावं इतक्या सहज, तिने इनासचंही नाव घेतलं. आईनंतर ते नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

परतीच्या एसटीत लक्षात आलं, की तिने माझं नाव विचारलं नव्हतं, आणि मलाही ते सांगायचं सुचलं नव्हतं.