दिवा लागला की जोडून द्यायचं

बोर्डबाईंनी एकतीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर काढली. खरं नाव हजेरीपटात होतं तेवढंच. डॉक्टरांपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे त्यांना बोर्डबाई म्हणत आणि निवृत्तीनंतर ते नाव इमारतीतही मागोमाग आलं. कामाचा नियम एकच होता: दिवा लागला की जोडून द्यायचं. कोण बोलतंय, कशाला बोलतंय, हे विचारत बसलं तर तिकडे कुणाचा तरी जीव टांगणीला. बोर्डबाई तीन सेकंदांत जोडून देत. त्याबद्दल त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं. ते अजूनही दोन मिनिटं पुढे चालतं.

हा गुण घरी आणला की त्याचं काय होतं, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांचे यजमान नकाशे काढणारे, एका ओढ्याची रेघ काढायला अख्खी दुपार घालवणारे. त्यात आता कानांनी कमी. त्यांनी काही सांगायला सुरुवात केली की तिसऱ्या शब्दाला बाईंचं ‘कळलं’ यायचं. संसार असा चालला होता की वाक्य एकानं सुरू करायचं आणि दुसरीनं संपवायचं.

बैठकीच्या खोलीत कोपऱ्यात कॉम्प्युटर होता. सकाळी बाईंची शब्दकोडी आणि विणकामाचे नमुने, अकरानंतर यजमानांची पाळी. एके दिवशी शेजारीण अर्ध्या बाह्यांच्या स्वेटरचा नमुना बघायला आली आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उगवली. ‘तुमच्या जवळच्या एकाकी स्त्रिया तुमची वाट पाहत आहेत.’ सोबत फोटो. त्या स्त्रियांना स्वेटरची फार गरज होती. पाठोपाठ दुसरी चौकट, मग तिसरी. शेजारीण टाके मोजत असल्यासारखी मान खाली घालून बसली.

बोर्डबाईंनी तीन सेकंदांत निकाल लावला.

“अहो, इकडे या. हे काय? या वयात?”

यजमानांनी चष्मा लावून चौकट पूर्ण वाचली. “मी नाही,” ते म्हणाले.

“मग काय मी?”

शेजारीण फिसकन हसली. झालं, विषय संपला.

विषय तिथे संपायला हवा होता, पण बाईंच्या पोटात काही राहत नाही. लेकीला फोन गेला. ती आधी हसली, मग हळूच म्हणाली, “आई, बाबांना डॉक्टरांना दाखवायचं का?” नणंदेला फोन गेला. तिनं ‘बरं’ म्हणून फोन ठेवला, ते बाईंना जास्त लागलं. मग बाईंनी कॉम्प्युटरला पासवर्ड घातला, जुन्या बोर्डाचा नंबर. “हवा तेव्हा मागा,” त्या यजमानांना म्हणाल्या.

त्यांनी मागितला नाही. अकरा वाजले की ते गॅलरीत जाऊन बसत, एखादा जुना नकाशा उलगडत आणि पुन्हा घडी घालत. असे तीन आठवडे गेले.

चौकटी मात्र थांबल्या नव्हत्या. ज्या माणसाला कॉम्प्युटरला हात लावायची बंदी, तो नसताना हे कसं सुरू राहतं, असं कुणाच्याही मनात आलं असतं. बाईंनी ‘आधीचं तुंबलं असेल’ म्हणून सोडून दिलं, जशी काही ती मोरी होती. शेवटी एक शोधायला जावं तर ब्राउझर भलतंच पान उघडू लागला आणि एका सकाळी जागच्या जागी गोठला. तेव्हा दुरुस्तीवालीला बोलावणं गेलं.

दुरुस्तीवाली चाळिशीची, केसांत पेन खोवलेली, बोलायला सडेतोड. तिनं दहा मिनिटं इकडेतिकडे टिचक्या मारल्या आणि एक यादी उघडली.

“काकू, व्हायरस नाही. या सगळ्या साइट्सना तुमच्या घरात केव्हाही हाका मारायची परवानगी दिलेली आहे. त्रेचाळीस आहेत.”

“परवानगी कुणी दिली?”

“वर पाटी येते ना, ‘अनुमती द्या’ की ‘ब्लॉक करा’? कुणीतरी दर वेळी ‘अनुमती’ दाबलंय, न वाचता. आणि ब्राउझरला चिकटलेलं हे एक्स्टेन्शन, हेच तुम्हाला भलत्या पानांवर नेत होतं. यालाही तसंच आत घेतलंय.” ती एकेक नाव उडवू लागली. “काका लोकांचं असंच असतं. दिसलं बटण की दाब.”

बाई यादी वाचत होत्या. शब्दकोडी. मोफत शब्दकोडी. अर्ध्या बाह्यांचे स्वेटर. गुडघेदुखीवर सात उपाय. पुन्हा शब्दकोडी. प्रत्येक ओळ त्यांच्या ओळखीची होती. पाटी आली की ती त्यांना दिसायची ती लागलेल्या दिव्यासारखी, आणि बोट आपोआप जायचं. त्रेचाळीस परक्यांना त्यांनी स्वतःच्या हातानं घरात जोडून दिलं होतं.

यजमान स्वयंपाकघराच्या दारात दुरुस्तीवालीसाठी चहाचा कप घेऊन उभे होते. बाईंना एवढंच म्हणायचं होतं, ‘काका नाही, मी.’ दुनियेची वाक्यं संपवणाऱ्या बाईंना हे एक सुरू करता येईना.

“साखर चालते ना तुम्हाला?” त्यांनी दुरुस्तीवालीला विचारलं.

तिनं मान डोलावली. “आता तपासून बघू. रोज काय उघडता? हे बुद्धिबळ कुणाचं?”

पान उघडलं. पटावर सोंगट्या अर्धवट खेळात उभ्या, आणि वर लिहिलेलं: ‘वेळ संपल्यामुळे पराभव.’ सात महिन्यांचा डाव. एका चालीला पाच दिवसांची मुदत. समोरचा खेळाडू म्हणजे ऑफिसात यजमानांच्या शेजारच्या टेबलावर बसणारा मित्र. तो आता दूरच्या गावी असतो. यजमानांना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून दोघांचं बोलणं इथेच चालायचं. पटाखाली त्याचे तीन निरोप होते.

‘चाल कर की रे.’

‘बरा आहेस ना?’

‘माझं काही बोलणं लागलं का तुला?’

शेवटचा निरोप नऊ दिवसांपूर्वीचा.

दुरुस्तीवाली गेली. यजमान कप विसळत होते. बाई मोरीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि तोंडातून निघालं ते हे: “मागायचा होतात की पासवर्ड. मी नाही म्हटलं असतं का?”

“कळलं,” यजमान म्हणाले.

बाईंचाच शब्द. तो असा लागतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मग त्यांनी जे येत होतं ते केलं. लेकीला फोन लावला, त्यातच नणंदेला जोडून घेतलं, शेजारणीला हाक मारून बसवलं आणि स्पीकर चालू केला.

“ऐका सगळ्या. ती बटणं मी दाबली होती. यांनी काही केलेलं नाही. मी यांना उगाच बोलले.”

“अगं आई, आम्ही केव्हाच विसरलो ते,” लेक म्हणाली.

“विसरू नका. म्हणून तर सांगतेय.”

“माझ्या भावाला मी ओळखते,” नणंद म्हणाली. “तू विचारलंस कुठे? तू फक्त कळवलंस.”

मागून यजमान बाईंना म्हणाले, “काय म्हणालीस? मला ऐकू नाही आलं.”

बाईंनी वळून पाहिलं. यजमानांना नीट ऐकू आलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. तरी त्या पुन्हा बोलल्या, मोठ्यानं, सगळंच्या सगळं. खालच्या मजल्यावरची खिडकी उघडल्याचा आवाज आला.

पासवर्ड त्यांनी काढून टाकला. यजमान खुर्चीवर बसले आणि एका बोटानं मित्राला लिहू लागले. काय लिहिताहेत ते बाईंनी वाचलं नाही. निरोप गेला. मित्राच्या नावापुढचा ठिपका करडाच राहिला, तो अजून तिथे आलेला नव्हता.

तेवढ्यात वर पाटी आली. निरोप आला की कळवायची परवानगी हवी होती त्या साइटला. बाईंचा हात गेलाच. अर्ध्यातून मागे घेऊन त्यांनी तो मांडीखाली दाबला.

यजमानांनी चष्मा पुसला, पाटी वाचली आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. बाई शेजारी बसून राहिल्या. त्यांनी घड्याळाकडे एकदाच पाहिलं, आणि त्यातली दोन मिनिटं वजा केली.