अप्पांनी हात वर करू दिले नाहीत

अप्पा पाटलांना सभेत कुणी हात वर केलेला चालत नसे. नळदुर्गजवळच्या आमच्या गावात नवी ग्रामपंचायत झाली, अप्पा सरपंच झाले आणि शाळामास्तर म्हणून ठराव लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. "हात मोजायचं तर हिकडं पाच, तिकडं दोन. मग त्या दोघांनी सभंला यायचं कशाला, चहा प्यायला?" असं अप्पा म्हणत. सगळे हो म्हणेपर्यंत सभा चाले. बसून बसून माझी कंबर मोडायची.

ते दोघे म्हणजे मुसलमान गल्लीतले सदस्य. त्यांतले बोलणारे खाजाभाई. आधी रझाकारांनी अप्पांची कडब्याची गंजी जाळली होती, आणि पोलिस अ‍ॅक्शननंतर आमच्या लोकांनी खाजाभाईंचं घर. यावर अप्पा आणि खाजाभाई दोघंही कधी बोलत नसत. खाजाभाई बाडबिस्तरा आवरून मेहुण्याकडे हैदराबादला चालले, असं मात्र रोज कानावर यायचं.

शाळा मारुतीच्या देवळात भरे, म्हणून त्या गल्लीतलं एकही पोर येत नसे. शेवटी इमारत मंजूर झाली. पाचांना दर्ग्यामागचं मैदान पसंत पडलं.

खाजाभाई म्हणाले, "पाटील, तिथं माझ्या बापाची कबर हाय."

"मग दुसरी जागा बघू," अप्पा म्हणाले.

तालुक्याहून आलेले साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "आज ठराव झाला नाही तर मंजुरी परत जाईल. बहुमत आहे ना तुमच्याकडं?"

"हाय की. लई हाय. म्हणून तर वापरीत न्हाय."

मंजुरी परत गेली. मला असा संताप आला, की वाटेत मी तोंडावरच सांगितलं, "अप्पा, तुमच्या हट्टापायी गावाची शाळा गेली."

अप्पा तंबाखू मळत होते. "साळा पुढल्या साली येईल, मास्तर. खाजा गेला तर येईल का?"

माझा राग मात्र तसाच राहिला.

पुढच्या वर्षी पुन्हा मंजुरी आली. ओढ्यापलीकडच्या जागेला बाकी सगळे कबूल झाले, आणि खाजाभाई उठले. "न्हाय जमायचं. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं, की माझी नातवंडं साळंला जायची कशी?"

सभा मोडली. मी कपाळावर हात मारून घेतला. बाहेर येऊन बघतो, तर अप्पा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत उभे.

"ऐकलं का मास्तर," ते म्हणाले, "नातवंडं साळंला घालणार म्हणतोय. राहतोय की ओ खाजा."