आप्पांनी दिलेले आढे

आमच्या शेतात पिकलेली पहिली गोष्ट आमच्या चुलीवर आधी कधी चढली नाही. भाताचे पहिले पोते, गुळाची पहिली ढेप, शेंगांची पहिली पाटी गावातल्या चर्चमध्ये वेदीपुढे जाई आणि मगच आमच्या घरात नवे धान्य शिजे. यज्ञात आहुती सोडताना 'हे माझे नव्हे' असे म्हणायचे असते, हे मी बेळगावात एका शास्त्रीबुवांच्या घरी राहून शिकलो आणि पुढे कॅम्पातल्या शाळेत संस्कृत शिकवताना मुलांना सांगत राहिलो. माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या कानांवर ते शब्द कधी पडले नव्हते. ते देत, आणि दिलेल्या वस्तूकडे पुन्हा पाहत नसत.

घरच्यांना हे सारे मनापासून पटत होते असे नाही. शेत पाहणारा माझा धाकटा भाऊ एकदा जेवताना म्हणाला होता, "आप्पा, देवाला म्हणावं, चार दिस आमच्या गोठ्यात येऊन ऱ्हा. तेवढीच आमची कौलं बदलून हुतील." आप्पा पोटभर हसले होते, आणि पुढच्या रविवारी तुरीची पाटी नेहमीसारखी चर्चला गेली होती.

तीन वर्षांपूर्वी चर्चचे जुने आढे, म्हणजे दोन्ही बाजूंच्या छपराचा भार पेलणारे मधले लांब लाकूड, वाकले. पंचमंडळाने लोखंडी अँगल बसवून पत्रे घालायचे ठरवत आणले होते. तेव्हा नव्वदीत असलेले आप्पा सभेत काठीवर जोर देऊन उठले आणि आपल्या बांधावरचा फणस देतो म्हणाले. त्या फणसावर भावाचे मन होते. माडी बांधायची तर तुळया त्याच्याच, असे तो वर्षानुवर्षे बोलत आला होता. त्याने मला बेळगावात अनगोळच्या घरी फोन करून आप्पांची समजूत घालायला सांगितले. दानाच्या आड येण्याचे धैर्य माझ्यात नव्हते, आणि त्या भित्रेपणाला मी श्रद्धा समजलो.

सुतार झाड पाहायला आला तेव्हा चर्चचे पाळकसाहेब, चार पंच, आप्पा आणि मी बांधावर उभे होतो. त्याने बुंध्याला टोचा मारला, निघालेला चीक बोटांनी चोळून पाहिला आणि सांगितले की पंधरवडा चांदण्याचा आहे, झाडात रस भरलेला आहे, आता तोडले तर लाकडाला भुंगा लागेल. अमावस्येच्या आसपास तोडावे, तीन-चार महिने तळ्याच्या पाण्यात बुडवून ठेवावे, वाळवावे आणि मग चढवावे. आप्पांना मात्र कापणीच्या सणाला नवे छप्पर पाहायचे होते. तेवढे दिवस आपल्याजवळ नाहीत, असे ते म्हणाले. तरीही त्यांनी हट्ट केला नाही. घरात ग्रंथ वाचलेला मी एकटाच, म्हणून ते माझ्याकडे वळले.

"तू सांग. थांबावं का?"

मी जे बोललो ते मला अक्षरशः आठवते. "तिथी बघून देवाला द्यायचं आपल्याला शोभत न्हाय, आप्पा. सगळे दिवस त्यानंच केलेत."

पाळकसाहेबांनी मान डोलावली. सुतार म्हणाला, "मास्तर, देवाचं मला म्हाईत न्हाय. मी भुंग्याचं सांगतोय."

सगळे हसले. मीही हसलो.

फणस त्याच आठवड्यात पडला. ओले आढे चढवायला वीस माणसे लागली. सणाच्या रविवारी उसाच्या कांड्या आणि झेंडूच्या माळा बांधलेल्या त्या छपराखाली आप्पा तिसऱ्या बाकावर, बरोबर आढ्याखाली बसले. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होते ते पाहून माझ्या शब्दांबद्दल मला शंका आली नाही.

शंका आली ती तिसऱ्या हिवाळ्यात. दर रविवारी मी बेळगावहून गावी उपासनेला येत असे. एकदा भजनाचे पुस्तक उघडले, आणि पानावर चिमूटभर पिवळसर पीठ पडले होते. मी ते फुंकले. पुढच्या रविवारी काही दिसले नाही, त्याच्या पुढच्याही नाही. परंतु प्रार्थनेसाठी सगळे शांत झाले की वरून एक बारीक आवाज येई, कोणीतरी दूर बसून तोंड मिटून फुटाणे चावावेत तसा. आजूबाजूला पाहिले तर कोणाची मान वर नसे. इतर जसे भक्तीने डोळे मिटत, तसे मी भीतीने मिटून घेई. असे चार रविवार गेले.

मग भावजयीचा फोन आला. आप्पा हल्ली रविवारी उजाडताच, चहासुद्धा न घेता बाहेर पडतात आणि उपासना आटोपून घरी आले की खांद्यावरचा टॉवेल पिवळा झालेला असतो, असे ती सांगत होती. तिला आधी हळद वाटली. आता वयामुळे त्यांना काहीतरी होऊ लागले आहे, अशी धास्ती तिने घेतली होती. तो पिवळा रंग मी भजनाच्या पुस्तकावर पाहिला होता.

त्या शनिवारी मी गावी मुक्कामाला गेलो. सकाळी आप्पा निघाले, तसा थोडे अंतर ठेवून मीही निघालो. चर्चची एक किल्ली पूर्वीपासून त्यांच्याकडे असे. दारातून आत पाहिले तेव्हा ते एका हाताने बाकाची पाठ धरून दुसऱ्या हाताने ओला टॉवेल फिरवत होते. दोन बाक पुसले होते. उरलेल्या सगळ्या बाकांवर, वेदीपासून दारापर्यंत, आढ्याच्या बरोबर खाली, ओळंबा लावून आखावी तशी पिवळ्या भुश्याची सरळ रेघ पडली होती.

"कवापासनं, आप्पा?"

ते दचकले नाहीत. "नाताळाच्या आधीपासनं."

"आणि कुणाला सांगितलं न्हाई?"

त्यांनी टॉवेल बादलीत पिळला. "सांगून काय करू? लोक म्हणतील, मास्तरनं सांगितलं म्हणून तोडलं. सुतार तर म्हणीलच."

मी बाकावर बसलो. दिलेल्या लाकडाची लाज झाकायला ते पुसत असतील, असे मी धरून चाललो होतो. तसे त्यांना म्हणालोही.

"लाकूड दिलं, तवाच माझं न्हाय झालं," ते म्हणाले. "तू माझा हाईस न्हवं."

बाहेर उन्हे वर येत होती. तासाभरात त्या रेघेखाली शंभरेक माणसे येऊन बसणार होती. आता सांगितलेच पाहिजे, असे मी म्हणालो. आप्पा म्हणाले, आज प्रभुभोजन आहे, आजचा दिवस जाऊ दे. पूर्वी त्यांनी विचारले तेव्हा थांबायला हवे होते आणि मी थांबू दिले नव्हते. आता ते थांबायला सांगत होते आणि थांबता येत नव्हते. मी दाराशी जाऊन उभा राहिलो. जो येईल त्याला अंगणातच अडवले, आणि सगळे जमल्यावर भुश्याची गोष्ट सांगितली. सुताराने काय सांगितले होते, मी काय उत्तर दिले होते, तेही सांगितले. पाळकसाहेबांनी खाली पाहिले.

दुसऱ्या दिवशी सुतार शिडी लावून वर गेला. त्याने पटाशी टेकवली. हातोडा न मारता ती मुठीपर्यंत आत गेली. खाली उतरल्यावर तो माझ्याकडे पाहून बोलला नाही, पंचांना म्हणाला, "वळीव सुटायच्या आत उतरवून घ्या. वर कोण चढणार, त्ये मातूर मला इचारू नगासा."

वर चढायला अजून कोणी मिळालेले नाही. निपाणीहून क्रेन आणायचे ठरले, पण तिला आमची गल्ली पुरत नाही. उपासना शाळेच्या व्हरांड्यात होते. भाऊ आता चर्चवरून थट्टा करत नाही. आप्पांसमोर तो इतका अदबीने वागतो की मला त्या अदबीचीच भीती वाटते.

चर्चच्या अंगणातून पाणंदीकडे जायची वाट आहे. दाराला कुलूप आणि समोर दोरी बांधली तरी सवयीने माणसे तिथूनच जातात. म्हणून आप्पा सकाळ-संध्याकाळ भिंतीलगत खुर्ची टाकून बसतात आणि येईल त्याला काठी आडवी धरून मागे फिरवतात. तुम्ही स्वतः छपराच्या किती जवळ बसला आहात, असे विचारले की त्यांना ऐकू येत नाही.

आज मीही खुर्ची नेऊन त्यांच्याशेजारी ठेवली.

"तू तिकडं लांब बस," ते म्हणाले.

मी खुर्ची हलवली नाही. ते पुन्हा म्हणाले, या वेळी मुलाला दटावतात तसे. निपाणीच्या बाजूने आभाळ काळवंडत आले होते आणि झाडांची पाने हलायची थांबली होती.